बॉयलरचा पंखा रुसला तर

परवा पहाटे इंग्लंडातल्या आमच्या घरी रेडिएटर गारढोण. स्वयंपाकघरातला बॉयलर नुसता घुरघुरायचा, ठिणगी नाहीच, मग पडद्यावर पंख्याच्या बिघाडाचा कोड.

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, हात शिवशिवले. पण आवरले.

आतला पंखा ताजी हवा आत ओढतो, जळालेला वायू बाहेर ढकलतो. तो नीट फिरतोय याची खात्री पटल्याशिवाय बॉयलर गॅस सोडत नाही. जुन्या मॉडेलात ही खात्री प्रेशर स्विच करतो, दोन बारीक नळ्यांच्या जोरावर. नव्यांत पंखाच आपला वेग सर्किट बोर्डाला कळवतो. म्हणून कोड पंख्याचा असला तरी दोष नळीचा किंवा वायरीचाही निघतो.

आपण वीज येतेय का बघावं, फ्ल्यूचं, म्हणजे धुराड्याचं, बाहेरचं तोंड पानांनी बुजलंय का बघावं, एकदा रीसेट करावं. बस्स. झाकण उघडू नका; बऱ्याच बॉयलरांत तेच हवाबंद सील असतं. ते चुकीचं बसलं की कार्बन मोनॉक्साइड घरात, आणि त्याला वास नसतो. अलार्म लावलाय ना?

गॅस सेफ या गॅस-कारागिरांच्या नोंदवहीत नाव असलेला माणूस आला. पंख्याचं बेअरिंग जाम होतं! बदललं, फ्ल्यूतला वायू मोजला, मगच गेला.

गॅसचा वास आला तर थेट इथल्या गॅसच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन: ०८०० १११ ९९९.

तुमचा बॉयलर कोणता कोड दाखवतो? मॉडेलसकट विचारा.