जुन्या ओम्नीचा दरवाजा अडला? धंदा अडू देऊ नका!



सावंगी (मेघे)त आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयाच्या परिसरात डबे पोचवायचे, तर जेवणाची वेळ पाळावीच लागते. मारुतीने ओम्नी २०१९ मध्ये बंद केली, म्हणजे तुमची गाडी जुनीच असणार. ऐन वेळी सरकता दरवाजा अडला, तर काय कराल?

१. जोर लावू नका. आतल्या हँडलने उघडून बघा. आतून उघडला, तर दोष बहुतेक बाहेरच्या हँडलच्या जोडणीत आहे.

२. दरवाजा अर्धा उघडून मागची कड वर उचला. खालीवर हलतो? रोलर झिजलेत, बदलून घ्या.

३. हलत नसेल, तर वरची, मधली, खालची अशा तिन्ही पट्ट्या ब्रशने साफ करा. पुसून हलकं वंगण द्या. जाड ग्रीस नको, त्याला धूळ चिकटते.

दरवाजा दोरीने बांधून गाडी काढायची नाही!

आता हिशोब. समजा खेपेत ३० डबे, डब्यामागे १५ रुपये सुटतात. एक खेप बुडाली की ४५० रुपयांचा नफा गेला, अन्नाचा खर्च वेगळा. आणि उपाशी राहिलेलं गिऱ्हाईक उद्या दुसरीकडे वळतं.

म्हणून महिन्यातून एक दिवस ठरवा, वहीत लिहा आणि दरवाजा तपासा. गाडी हेच तुमचं दुकान आहे!