मातीची भिंत टिकते कशी?

ऐतिहासिक वास्तू म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? दौलताबादचा किल्ला, अजिंठ्याची लेणी. म्हणजे बहुधा दगडच. परंतु आपल्या वर्धा जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध वास्तू दगडाची नाही. ती माती, बांबू, लाकूड आणि कौले यांची आहे. नाचणगाव-पुलगावकडून वर्ध्याला यावे आणि तेथून सुमारे आठ किलोमीटर पुढे जावे, की सेवाग्राम लागते. 1936 साली गांधीजी येथे राहावयास आले तेव्हा गावाचे नाव सेगाव होते. 1940 साली ते सेवाग्राम झाले. घरासाठी त्यांची अट साधी होती: माल आणि मजूर जवळपासचेच असावेत व खर्च 500 रुपयांच्या आत असावा. तेथील आदि निवास आणि बापू कुटी आजही उभ्या आहेत. कुटीच्या भिंतीवर मीराबहेन यांनी मातीतच उठावाने केलेली ताडाची झाडे आणि चरखा आजही पाहावयास मिळतो.

पाऊस पडला की माती विरघळते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग या भिंती इतकी वर्षे टिकल्या कशा?

प्रथम माती पाहू. आपल्याकडे शेताला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणतात. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या सूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. अशा मातीची भिंत फुटणारच. म्हणून जुनी माणसे भिंतीसाठी पांढरी माती आणीत आणि तीत गव्हांडा कालवीत. गव्हांड्याच्या काड्या मातीला धरून ठेवतात. त्यामुळे एक मोठी भेग न पडता बारीक बारीक अनेक भेगा पडतात आणि भिंत शाबूत राहते.

आता उष्णतेचा विचार करू. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंश सेल्सिअसच्या वर जातो. पत्र्याचे छप्पर काही मिनिटांतच आतून तापते. फूटभर जाडीच्या मातीच्या भिंतीतून मात उष्णतेची लाट आत पोचावयास साधारणपणे 8 ते 10 तास लागतात, आणि तोवर तिचा जोरही बराच कमी झालेला असतो. दुपारी दोनची धग रात्री आत येते. तेव्हा दारे उघडून ती बाहेर घालवता येते. जुन्या घरांच्या जाड भिंतींचे रहस्य हेच आहे.

पण भिंतीचा खरा शत्रू पाणी. ते दोन वाटांनी येते. वरून येणारे पाणी लांब वळचण अडवते. शिवाय पावसाळ्यात भिंतीला शिंदीच्या पानांचे झाप बांधता येतात. दुसरी वाट डोळ्यांना दिसत नाही. जमिनीतील ओल केशाकर्षणाने भिंतीत वर चढते. गणित करून पाहा: छिद्राची त्रिज्या 0.01 मिलिमीटर असेल तर पाणी सुमारे दीड मीटर चढू शकते! प्रत्यक्षात ते इतके वर जात नाही, कारण भिंतीच्या पृष्ठभागावरून त्याचे सतत बाष्पीभवन होत असते. जेवढे पाणी खालून येते तेवढे बाहेर उडून जाते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा या बाष्पाला अडवीत नाही.

येथेच आज घोटाळा होतो. जुनी भिंत पोपडे टाकू लागली की घरमालक सिमेंटचा गिलावा करतो. हेतू चांगला, परिणाम उलटा! सिमेंटच्या थरातून बाष्प सहज बाहेर पडत नाही. ओल वर वर चढत राहते. सिमेंट कडक, माती मऊ. दोन्ही सारख्या प्रमाणात फुगत-आक्रसत नाहीत. त्यामुळे गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात. त्यांतून पावसाचे पाणी आत जाते, पण बाहेर येत नाही. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आत तिचा चिखल होत असतो. मग एखाद्या पावसाळ्यात ती अचानक बसते. अशा भिंतीखाली माणसेही सापडतात.

हे पटत नसेल तर प्रयोग करा. सारख्या आकाराच्या दोन भाजलेल्या विटा घ्या. एकीच्या चारही बाजूंना प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळा. दोन्ही विटा मिठाच्या पाण्यात उभ्या ठेवा. पाणी दोन सेंटिमीटर असू द्या व कमी झाले की भर घाला. आठ दिवसांनी काय दिसते? उघड्या विटेवर पांढरा लोणा फुटलेला दिसेल, म्हणजे पाणी तेथून उडून गेले. झाकलेल्या विटेत ओल अधिक वर गेलेली आढळेल.

अशा वास्तू कायद्याने वाचतील काय? 1958 चा केंद्रीय कायदा किमान 100 वर्षे जुन्या स्मारकांना संरक्षण देतो, आणि 2010 च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे. आदि निवासाला 100 वर्षे होतील ती 2036 साली! तोवर तो टिकला तो दरवर्षीच्या सारवणाने आणि डागडुजीने. आफ्रिकेतील माली देशात जेन्ने येथे 1907 साली बांधलेली मातीची भव्य मशीद आहे. तिला गावकरी दरवर्षी एकत्र येऊन नवा गिलावा देतात. गिलावा बदलतो, मशीद राहते.

नाचणगावासारख्या आपल्या जुन्या गावांतील मातीच्या सगळ्याच घरांचे नाव कोणत्याही यादीत येणे शक्य नाही. त्यांची यादी तुम्हीच करा. शिक्षकांना बरोबर घ्या. भिंतीची जाडी, ओलीची उंची, गिलाव्याचा प्रकार वहीत मांडा. मात्र फुगलेल्या किंवा कललेल्या भिंतीजवळ जाऊ नका. आणि घरी सिमेंटची पोती येण्याआधी वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा: या भिंतीतले पाणी बाहेर कोठून जाणार?