समुद्रांतील बियाणें आणि सरकारी जप्ती

गोदाकांठच्या शेतकऱ्यास समुद्र दूरचा वाटतो. तथापि बेकायदा मासेमारी करणाऱ्या नौका व त्यांतील मासळी सरकार कोंकण किनाऱ्यावर जप्त करतें, त्या प्रश्नाचें मूळ आमच्या वाचकांस सहज उमगेल. पेरणीचें बियाणें जो दळून खातो, त्यास पुढील सुगी कोठून मिळणार?

पावसाळा हा पुष्कळशा मासळीचा विणीचा काळ होय. म्हणून १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमान्वयें या काळांत बंदी असते. २०२५ सालीं ती १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस होती. विजेच्या प्रखर झोतानें मासळी ओढून घेरण्याचा प्रकार याहूनही घातक. त्यांत लहानमोठें सारेंच जाळ्यांत येतें. केंद्र सरकारनें २०१७ सालीं तो निषिद्ध केला. २०२१ च्या सुधारणेनें राज्यानें त्यास ५ पासून २० लाख रुपयांपर्यंत दंड ठेविला, आणि निवाड्याचा अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे दिला.

जप्त मासळी नाशवंत, म्हणून तिचा लिलाव होतो. नौका मात्र बंदरांत अडकून पडते. खरी मेख येथेंच आहे. निकाल लांबला कीं मालकाबरोबर खलाशाचीही चूल थंडावते. उलट दंड एका खेपेच्या नफ्याहून हलका असेल, तर बडा धनी तो खर्चींच धरून चालेल, आणि लहान होडीवाल्याच्या जाळ्यांत रिकामें पाणी येईल.

हा कायदा समुद्रापुरता आहे. त्याचा बोध मात्र आपल्या उंबरठ्यावरचा आहे. १९६५ सालीं पैठणास ज्या जायकवाडी धरणाची कोनशिला बसली, त्याच्या नाथसागरासारख्या जलाशयांत कटला, रोहू यांची बोटुकली सोडावी लागते. कारण या जाती सांचलेल्या पाण्यांत सहसा वीत नाहींत. बारीक आसाच्या जाळ्यानें तीच उपसली, तर पुढील वर्षीं धरावयाचें काय?

आमचें म्हणणें असें कीं, जप्ती अवश्य व्हावी. परंतु निकाल पंधरवड्याच्या आंत लागावा, दंड नौकेच्या आकाराप्रमाणें चढता असावा, आणि सरकारची पहिली नजर मोठ्या नौकेवर असावी. आपल्या हातींही कांहीं आहे. बाजारांत कटला-रोहूचीं बोटभर पिल्लें दिसल्यास तीं घेऊं नयेत. घेणारा हटला, तर धरणाराही थांबेल.