धुरातला कार्बन मोनॉक्साइड यंत्राला कसा दिसतो?

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीची 'पीयूसी' तपासणी तुम्ही पाहिली असेल. धुराच्या नळकांड्यात एक नळी घालतात आणि थोड्याच वेळात कार्बन मोनॉक्साइडचे शेकडा प्रमाण यंत्रावर उमटते. हा वायू रंगहीन, गंधहीन आणि विषारी. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. तेव्हा हा आकडा विश्वासार्ह हवाच. पण डोळ्यांना न दिसणारा वायू यंत्राला दिसतो कसा?

यंत्रात धुरातून अवरक्त किरण पाठवतात. कार्बन मोनॉक्साइडचे दोन अणू स्प्रिंगने जोडलेल्या गोळ्यांसारखे कंप पावतात. ४.६७ मायक्रोमीटरच्या आसपासचे किरण शोषून रेणू कंपनाच्या वरच्या पातळीवर जातो. किरण किती कमी झाले यावरून वायूचे प्रमाण कळते.

आता गंमत पाहा. धुरात सर्वांत जास्त असतो नायट्रोजन. त्याचाही रेणू दोन अणूंचा, तोही कंप पावतो. मग तो हे किरण का शोषत नाही?

रेणूचे एक टोक किंचित धन व दुसरे किंचित ऋण असेल, तर त्याला द्विध्रुवी परिबल असते. प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राची पकड बसते ती कंपनाबरोबर बदलणाऱ्या परिबलावर. नायट्रोजनची दोन्ही टोके सारखी. बंध ताणला काय, दाबला काय, परिबल शून्यच राहते. म्हणून शोषण नाही.

मग मोठे परिबल म्हणजे जास्त शोषण, असे म्हणावे का? हिशोब करून पाहू. हायड्रोजन क्लोराइडचे परिबल १.१ डिबाय, तर कार्बन मोनॉक्साइडचे केवळ ०.११, म्हणजे दहावा हिस्सा. पण बंधाची लांबी बदलताना परिबल किती वेगाने बदलते? कार्बन मोनॉक्साइडमध्ये दर अँगस्ट्रॉमला सुमारे ३.१ डिबाय, हायड्रोजन क्लोराइडमध्ये सुमारे ०.९५.

पुंजयामिकीप्रमाणे सर्वांत खालच्या पातळीवरही कंपन थांबत नाही. तेथे बंधाच्या लांबीतील चढउताराचे माप अनुक्रमे ०.०३४ आणि ०.०७७ अँगस्ट्रॉम येते. बदलाच्या वेगाला या मापाने गुणले, की संक्रमणाचे परिबल मिळते: ०.१०५ आणि ०.०७३ डिबाय. शोषणाची तीव्रता या संख्येच्या वर्गाच्या आणि कंप्रतेच्या प्रमाणात असते. वर्गांचे गुणोत्तर साधारण २.१. कंप्रता दर सेंटिमीटरला २१४३ आणि २८८६ तरंग, म्हणून गुणोत्तर ०.७४. गुणाकार सुमारे दीड. दहापट कमी परिबल असलेला कार्बन मोनॉक्साइड दीडपट जास्त शोषतो!

एका पायरीऐवजी दोन पायऱ्यांची उडी मारायची झाली, तर त्याला २.३५ मायक्रोमीटरचा किरण लागतो. आदर्श स्प्रिंगला ही उडी वर्ज्य आहे. खरा बंध तितका आदर्श नसल्याने ती घडते, पण शोषण शंभरपटीहून कमी भरते. म्हणून यंत्रासाठी पहिल्या पायरीचा पट्टा सोयीचा. प्रत्यक्षात ठाऊक प्रमाणाचा वायू भरून यंत्राची मापनपट्टी जुळवतात. तो पट्टा इतका ठळक का, हे मात्र वरचे गणित सांगते.

वर्गात एक प्रश्न जरूर विचारा. धुरात ऑक्सिजनही असतो आणि नायट्रिक ऑक्साइडही. दोन्ही द्विआण्विक. अवरक्त किरण कोणता शोषेल, आणि का?