तीनशे चाळीस नाथसागरांचा एक हिमनग

पालमच्या गोदाकाठी पाणी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, मोजतात. पैठणचा नाथसागर काठोकाठ भरला की 102 टीएमसी, आणि त्या आकड्यावर आमच्या दिग्रस बंधाऱ्यापर्यंतच्या लोकांचा जीव टांगलेला असतो. तेच माप ए-23-ए या अंटार्क्टिकाच्या हिमनगाला लावू. मूळ वजन जवळपास एक लाख कोटी टन. तेवढा सगळा वितळला तर 35 हजार टीएमसी गोडं पाणी, म्हणजे 340हून अधिक नाथसागर. 2016च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं; 50 वाघिणींच्या एका खेपेत 25 लाख लिटर. रोज अशी एक खेप धरली, तर या एकाच हिमनगाचं पाणी वाहून न्यायला 11 लाख वर्षं लागतील!

आणि हा काही सर्वांत मोठा नव्हे. मार्च 2000मध्ये तुटलेला बी-15 होता 11 हजार चौरस किलोमीटरचा. हिंगोली वेगळी होण्याआधीचा आपला परभणी जिल्हा जवळपास तेवढाच होता. लांबी 295 किलोमीटर. एक टोक पालमला ठेवलं, तर दुसरं अहिल्यानगरच्याही पलीकडे.

एवढं धूड चालतं कशाने? वाऱ्याने कमी, प्रवाहाने जास्त, कारण नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो. तळ टेकला की मात्र सगळं थांबतं. ए-23-ए 1986मध्ये सुटला आणि लगेच वेडेल समुद्रात रुतला, तो तीस वर्षांहून अधिक काळ. 2020च्या सुमारास हलू लागला. 2024मध्ये समुद्रतळावरच्या एका डोंगराभोवती फिरणाऱ्या पाण्याच्या भोवऱ्यात सापडला आणि महिनोन् महिने जागच्या जागी गरगरत राहिला, दिवसाला साधारण 15 अंश. मार्च 2025मध्ये दक्षिण जॉर्जिया बेटाजवळ पुन्हा अडकला.

पुढचं सारं झपाट्याने झालं. कोमट लाटा पाण्याच्या रेषेवर बर्फ कोरतात, वरचा कडा आधार जाऊन ढासळतो. खाली उरलेली बर्फाची पायरी वर उसळू पाहते आणि उरलेल्या कडेला वाकवून तोडते. माथ्यावर साचलेलं वितळपाणी भेगांत शिरून त्या खोलवर फाडतं, रानातल्या जमिनीला भेगा पडाव्यात तशा, पण शेकडो मीटर. सप्टेंबर 2025पर्यंत तो निम्म्याहून कमी उरला होता. त्याआधीच्या ए-68 या हिमनगाने त्याच बेटाजवळ तीन महिन्यांत 152 अब्ज टन गोडं पाणी ओतलं: 52 नाथसागर.

या पाण्याने समुद्राची पातळी जवळपास वाढतच नाही, कारण तो बर्फ आधीपासून तरंगतच होता. खरी काळजी मागे उरते. ज्यांतून असे हिमनग तुटतात, ते तरंगते हिमपट्टे जमिनीवरच्या हिमनद्यांना थोपवून धरतात. ते झिजले की मागचा बर्फ वेगाने समुद्रात उतरतो, आणि तो मात्र पातळी वाढवतो.