परक्या घरातले पहिले सहा आठवडे

परदेशी शिकायला जाणे, परदेशी नोकरीला जाणे हे आता आपल्या जिल्ह्याला नवीन राहिलेले नाही. परंतु अलीकडे काही तरुण मुली, आणि क्वचित मुलेही, एका तिसऱ्याच वाटेने जाऊ लागली आहेत. तिचे नाव ‘ओ पेर’. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’. एखाद्या परदेशी कुटुंबात घरातलेच माणूस म्हणून राहायचे, त्यांची मुले सांभाळायची, हलक्या घरकामाला हात लावायचा. बदल्यात राहणे, जेवण, हातखर्च आणि त्यांची भाषा शिकण्याची संधी. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा एखाद्या क्लासला जर्मन शिकणाऱ्या मुलींना ही वाट ठाऊक असते. गावाकडच्या आईवडिलांना मात्र ‘मुलगी जर्मनीला गेली’ एवढेच ठाऊक असते, आणि शेजाऱ्यांना तेवढेही पुरते.

याचा आरोग्याच्या सदराशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, या मुली पोहोचल्यावर महिन्या-दीड महिन्यात घरी फोन करून ज्या तक्रारी सांगतात, त्या घेऊन त्यांचे आईवडील माझ्याकडे येतात. झोप लागत नाही. डोके जड असते. भूक मेली आहे. पोट साफ होत नाही. पाळी पंधरा-वीस दिवस लांबली. मध्येच छातीत धडधडते. तिकडच्या डॉक्टरने तपासून ‘काही नाही’ असे सांगितलेले असते, आणि त्यामुळे घरच्यांची काळजी दुप्पट झालेली असते.

मला या यादीचे आश्चर्य वाटत नाही. पंचवीस वर्षे मी हीच यादी नव्याने सासरी आलेल्या मुलींच्या तोंडून ऐकतो आहे. भांडी कोणत्या फडताळात ठेवायची इथपासून जोरात हसावे की नाही इथपर्यंत प्रत्येक गोष्टीचा विचार करत दिवस काढायचा, म्हणजे शरीर सतत पहाऱ्यावर असते. पहाऱ्यावरच्या माणसाला भूक लागत नाही आणि झोपही येत नाही. हे नाटक नव्हे आणि नखरेही नव्हेत. वैद्यकशास्त्राने या दुखण्याची नोंद फार पूर्वी घेतली आहे. १६८८ साली बाझेल येथे योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घरच्या ओढीवर प्रबंध लिहिला आणि तिला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले. आज हा शब्द आपण जुनी गाणी ऐकताना वापरतो. त्याने तो रोगाचे नाव म्हणून घडवला होता. त्याच्या प्रबंधात एक खेडवळ मुलगी आहे. पडून जखमी झाल्याने ती दवाखान्यात होती. अन्न, औषध सगळे नाकारून ती ‘मला घरी जायचंय’ एवढेच म्हणत राही. घरी नेल्यावर ती बरी झाली.

परंतु प्रत्येक मुलीला घरी आणणे हा उपाय नव्हे. सहा ते आठ आठवड्यांत बहुतेकींचे बस्तान बसते. तोवर शरीराला मदत कशी करायची, हे पाहू.

आमच्या तालुक्यातल्या एका शिक्षकांची मुलगी गेल्या सप्टेंबरात स्टुटगार्टजवळच्या एका गावी गेली. घरात पाच वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाची मुलगी. तिचा दिवस तिने मला फोनवर सांगितला तो असा. सकाळी सहाला उठून मुलांची न्याहारी, थोरल्याच्या डब्यात पाव, चीज आणि काकडीचे काप. मग कपडे : आतला बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर कोट, टोपी, मोजे, आणि पाऊस असला तर रबरी विजार. “काका, एका पोराला सजवेपर्यंत दुसरं उघडं होऊन पळतं,” ती म्हणाली. त्याला बालवाडीत सोडायचे, धाकटीला सांभाळायचे, कपड्यांच्या घड्या घालायच्या. आठवड्यातून दोनदा भाषेचा वर्ग. दुपारी मुलाला आणून बागेत न्यायचे, पाऊस असो वा थंडी. संध्याकाळी सहाला जेवण, आणि ते गार! पाव, लोणी, चीज, कापलेल्या भाज्या. गरम भाकरी-आमटीवर वाढलेल्या पोरीला ते जेवण वाटतच नाही. ती दोन घास खाऊन उठते आणि रात्री अकराला भुकेने तळमळते.

यावर उपाय साधा आहे, पण तो तोंड उघडून मागावा लागतो. ‘मी दिवसातून एकदा माझ्यापुरता डाळभात करू का?’ असे विचारले की सहसा कोणी नाही म्हणत नाही. लाल मसूर डाळ तिकडे साध्या दुकानातही मिळते. ‘क्वार्क’ नावाचा पदार्थ आपल्या चक्क्याच्या जवळचा आहे. त्यात साखर-वेलची घालून या मुलीने घरच्यांना श्रीखंड खाऊ घातले. त्या दिवसापासून स्वयंपाकघरात तिला भीती वाटेनाशी झाली. शाकाहारी मुलींनी दूध, दही, चीज, डाळी रोज खाव्यात. मांसाहार करणारीने नुसत्या पावावर दिवस काढू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

पाण्याचे सांगतो. थंडीत तहान लागत नाही, आणि परक्या घरात वारंवार मोरीकडे जायचा संकोच वाटतो, म्हणून मुली पाणी पीतच नाहीत. मग बद्धकोष्ठ, डोकेदुखी, लघवीची जळजळ. नळाचे पाणी तिकडे बेलाशक पिण्याजोगे असते. दिवसभरात दीड ते दोन लिटर प्यावे.

झोपेचा घोळ पहिल्या चार-सहा दिवसांत घड्याळाच्या फरकामुळे असतो. जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन व हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, त्यामुळे पहाटे तीनला टक्क जाग येते. दुपारी झोपू नये, सकाळच्या उजेडात फिरावे, सरळ होते. खरी अडचण पुढे, हिवाळ्यात येते. डिसेंबरात त्या भागात सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. तोही ढगाआड. आपल्याकडची मुलगी उन्हाला कंटाळून गेलेली असते, पण तिचे शरीर त्या उन्हावर चाललेले असते. मन मलूल होणे, दिवसा झोप येणे, गोड खावेसे वाटणे ही या अंधाराचीही लक्षणे असू शकतात. रोज निदान अर्धा-पाऊण तास, शक्यतो सकाळी, उघड्यावर चालावे. ऑक्टोबर ते मार्च तिकडचे ऊन ‘ड’ जीवनसत्त्व बनवण्याइतके तेज नसते, आणि आपली सावळी कातडी त्यासाठी जास्त ऊन मागते. रोज ८०० युनिटची गोळी चालते. आपल्याकडे मिळणारी ६०,००० युनिटची पुडी आठवड्याची असते. ती ‘ताकदीची’ म्हणून रोज घेऊ नये.

जाण्यापूर्वीची तयारी घरूनच व्हायला हवी. हिमोग्लोबिन तपासावे. आपल्या मुलींमध्ये ते पुष्कळदा कमी असते. मग तिकडे येणाऱ्या थकव्याला आपण हवेला दोष देत बसतो. किडके दात भरून घ्यावेत. तिकडे दातांचे काम महाग असते, आणि यजमान कुटुंबाने काढलेल्या विम्यात जुनी दुखणी सहसा धरत नाहीत. चष्म्याची दुसरी जोडी घ्यावी. गोवर-रुबेला, धनुर्वात, कांजिण्या या लशींचा हिशेब पाहावा, कारण काम लहान मुलांत आहे. बालवाडीत जाणारे मूल वर्षातून सात-आठ वेळा सर्दी घरी आणते आणि पहिला हिवाळा ती सर्दी तुमच्या मुलीलाही होते. त्यासाठी बॅगेत अँटिबायोटिकच्या पट्ट्या भरून देऊ नका. विषाणूच्या सर्दीवर त्या चालत नाहीत. तिकडच्या दुकानात त्या चिठ्ठीशिवाय देतही नाहीत, हे मला फार आवडते.

दक्षिण जर्मनीत, म्हणजे बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या भागांत, गवतातल्या गोचिडीच्या चाव्याने एक प्रकारचा मेंदूज्वर होऊ शकतो. त्यावर तीन डोसांची लस आहे. मुलांना घेऊन बागेत-रानात फिरायचे असेल तर ती तिथल्या डॉक्टरला विचारून घ्यावी. गोचीड चिकटली तर तिच्यावर तेल, रॉकेल काही ओतू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी, आणि पुढे काही दिवस तिथे लाल चट्टा पसरतो का ते पाहावे.

आता मुलांविषयी. आपल्या मुली हौसेने घरगुती उपाय करायला जातात. दोन वर्षांखालच्या मुलाला कापूर वा मेन्थॉलचा बाम नाकाजवळ लावू नये. त्याचा श्वास अडकू शकतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. आपल्याकडेही चाटवू नये, पण ते इथे कोण ऐकतो! ताप आला तर औषध आईबापांना विचारूनच द्यावे. त्यात परकेपणा नाही, सुरक्षितपणा आहे. दोघांचाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो. वर सांगितलेल्या मुलीची डोकेदुखी नोव्हेंबरात वाढली. भूक, पाणी, ऊन सगळे विचारून झाले. मग मी विचारले, “दिवसाला काम किती तास?” ती म्हणाली, “तसं मोजलं नाही.” मी तिला दोन आठवडे वहीत लिहून ठेवायला सांगितले. आठवड्याला पंचेचाळीस तास भरले. दिवसाचे काम होतेच, वर तीन-चार संध्याकाळी नवराबायको बाहेर जात आणि मुले हिच्यावर असत. रात्री धाकटी रडली तरी हीच उठे.

तिच्या वडिलांना हे सांगितले तर ते म्हणाले, “डॉक्टर, लोकांच्या घरात राहायचं म्हणजे थोडं सोसावंच लागतं. मी तिला सांगितलंय, सांभाळून घे.”

सर सज्जन गृहस्थ आहेत, परंतु हा सल्ला मला मान्य नाही. सासरी गेलेल्या मुलीच्या हातात कागद नसतो. हिच्या हातात आहे. जर्मनीचे नियम स्पष्ट आहेत. काम दिवसाला सहा आणि आठवड्याला तीस तासांपेक्षा जास्त नाही, आणि रात्री मुलांजवळ बसणे याच तीस तासांत धरायचे. आठवड्यातून दीड दिवस सुट्टी, महिन्यातून एक तरी रविवार मोकळा, आठवड्यातून चार संध्याकाळी तिच्या स्वतःच्या. स्वतंत्र खोली. महिन्याला २८० युरो हातखर्च, भाषेच्या वर्गासाठी ७० युरो, वर्षाला चार आठवड्यांची रजा, आजारपण व अपघाताचा विमा कुटुंबाच्या खर्चाने. करारही लेखी. हे सगळे मागणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. ‘बरोबरीच्या नात्याने’ या शब्दाचा तो व्यवहारातला अर्थ आहे.

मुलीने वही यजमानांपुढे ठेवली. ती माणसे वाईट नव्हती, त्यांनीही मोजले नव्हते. दोन संध्याकाळी बंद झाल्या, रात्रीचे उठणे आईने स्वतःकडे घेतले. डोकेदुखी लगेच थांबली असे नाही, पण आठवड्याभरात तिला झोप लागू लागली. सगळीकडे इतके सरळ होईल असे मी म्हणत नाही. जिथे कोणी पासपोर्ट काढून घेते, बाहेर जाऊ देत नाही, अंगाला हात लावते, तिथे वही दाखवत बसू नये, निघावे. कुटुंब बदलता येते.

या काळात इकडे तिच्या आईचा रक्तदाब वाढला होता. गोळ्या चालू असून १६०-१००. चौकशी केल्यावर कळले की बाई रोज रात्री दीडपर्यंत जाग्या असतात. मुलीला तिकडे नऊला सवड मिळे, तेव्हा इकडे दीड वाजलेला असे. मुलगी रडे, आई रडे आणि दोघीही न झोपता सकाळी कामाला लागत. मी औषध बदलले नाही. रविवारी दुपारी साडेतीनला, म्हणजे तिकडे सकाळी अकराला, निवांत फोन आणि मधल्या दिवशी चार ओळींचा निरोप, एवढे ठरवून दिले. फोनवर ‘जेवलीस का’ च्या जागी ‘आज कुठे फिरलीस’ असे विचारायला सांगितले. पहिले दोन आठवडे बाईंना ते जमले नाही. आता रक्तदाब १३४-८४ आहे. सून विचारते, “काकू, दीड वाजता उठवू का?” तर हसतात.

डॉक्टर कधी गाठायचा? दोन महिने होऊनही झोप-भूक परतली नाही, वजन उतरत चालले, तीन महिने पाळी आली नाही, सकाळी उठावेसेच वाटत नाही, अशा वेळी थांबू नये. पाळी चुकली आणि गर्भाची शक्यता असेल तर तीन महिन्यांचीही वाट पाहू नये. जीव नकोसा वाटतो असे मुलगी एकदा जरी म्हणाली, तर ‘असं बोलू नये’ म्हणून फोन ठेवू नका. त्याच दिवशी तिला तिथल्या डॉक्टरकडे पाठवा. जर्मनीत तातडीच्या वेळी ११२, दवाखाना बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७, आणि स्त्रियांवरील अत्याचाराच्या मदतीसाठी ११६०१६. मोबाइल बंद पडतो, म्हणून हे तीन क्रमांक यजमानांच्या पत्त्यासह कागदावर लिहून मुलीच्या पाकिटात ठेवावेत, आणि एक प्रत घरी कॅलेंडरमागे.