रसायन आणि साक्षात्कार

साक्षात्कार हे दीर्घ साधनेचे फळ, अशी आपली परंपरागत धारणा आहे. तसाच अनुभव एखाद्या रसायनाने येऊ शकेल काय? वॉल्टर पाह्न्के या डॉक्टरने १९६२ साली, गुड फ्रायडेच्या दिवशी, बॉस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलमध्ये याची कसोटी पाहिली. धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांपैकी १० जणांना काही जातींच्या अळंब्यांत आढळणारे सायलोसायबिन दिले. उरलेल्यांना निकोटिनिक आम्ल, ज्याने केवळ अंग तापते. उपासना चालू असता पहिल्या गटातील बहुतेकांना ‘मी’पणाच्या सीमा विरून गेल्यासारखे वाटले.

रिक डॉब्लिन यांनी त्यांतील अनेकांना पुन्हा गाठून १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनेकांच्या मते तो अनुभव आयुष्यभर मोलाचा ठरला होता. परंतु एक विद्यार्थी इतका बिथरला होता, की त्याला शामक इंजेक्शन द्यावे लागले. मूळ अहवालात मात्र याचा उल्लेखच नव्हता!

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २००६ च्या प्रयोगात ३६ जण होते. सुमारे दोन-तृतीयांशांनी तो आयुष्यातील पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांपैकी एक मानला. तरीही, पूर्वतयारी व देखरेख असताना, सुमारे एक-तृतीयांशांना तीव्र भीती वाटली. पुढे नैराश्यावरील उपचारासाठीही चाचण्या झाल्या. पण त्या तज्ज्ञांच्या सोबतीने. आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानुसार हे द्रव्य निषिद्ध आहे.

अनुभवानंतर माणसाचे वर्तन सुधारले काय, हीच संतांचीही कसोटी होती. ती रसायनालाही लावावी. मात्र भ्यालेल्यांची नोंद गाळून नव्हे.